वेष्टनावरची अक्षरे : अर्देशीर गोदरेज

मुलुंडहून धीम्या गाडीने घाटकोपरला येताना वाटेत विक्रोळी लागते. विक्रोळी म्हणजे गोदरेज, हे समीकरण आम्हा उपनगरवासीयांच्या मनात इतके पक्के बसले आहे, की या घराण्याच्या मूळ पुरुषाने येथेच खाडीकाठी कुलपाचा पहिला कारखाना काढला असणार, असे मी बरीच वर्षे धरून चालले होते. वस्तुस्थिती निराळी आहे. अर्देशीर गोदरेज यांनी विक्रोळीचा कारखाना पाहिलाच नाही. ते १९३६ च्या जानेवारीत वारले. विक्रोळीची जमीन त्यांचे धाकटे बंधू पिरोजशा यांनी त्यानंतर, १९४० च्या दशकात घेतली. आज ज्या नावाने आपण कपाट उघडतो आणि कुलूप लावतो, त्या नावाचा माणूस लालबागच्या एका पत्र्याच्या शेडमधला आहे.

मी या माणसाकडे वळले ती साबणामुळे, आणि खरे सांगायचे तर थोडी नाइलाजाने.

माझ्या आईचा मुलुंडमध्ये बायकांचा बचत गट आहे. पापड, लोणची, दिवाळीत उटणे, असे त्यांचे चालते. गेल्या वर्षी त्यांनी साबण विकायला घेतले. एका लहान कारखान्यातून साबणाच्या लांब पट्ट्या यायच्या. गटातल्या बायका त्या कापायच्या, कागदात गुंडाळायच्या आणि प्रदर्शनात मांडायच्या. वेष्टनावरचा मजकूर लिहिण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले, कारण घरात मराठी घेऊन बी. ए. करणारी मी एकटी. आईने सांगितलेला मजकूर असा होता : शुद्ध नैसर्गिक चंदनाचा साबण. मी सहज म्हणून कारखान्याच्या कागदावर पाहिले, तर घटकांत वनस्पती तेले होती, ग्लिसरीन होते, रंग होता आणि शेवटी नुसते फ्रॅग्रन्स असे लिहिलेले होते. फोन करून विचारले. तिकडच्या गृहस्थांनी न लपवता सांगितले, की चंदनाच्या तेलाचा यात एक थेंबही नाही. चंदनाचे तेल किलोला लाखाच्या वर जाते, आणि ते घातले तर एवढ्या किमतीत साबण देता येणार नाही. वास आहे तो रसायनांतून जुळवलेला.

आई म्हणाली की सगळेच तसे लिहितात. मी दोन दिवसांची मुदत मागितली. त्याच आठवड्यात आमच्या मराठीच्या मॅडमनी वार्षिकासाठी एखाद्या दिवंगत उद्योजकाचे चरित्र लिहायला सांगितले होते, आणि साबणाच्या निमित्ताने मी वाचनालयात अर्देशीर गोदरेज शोधले. साबणाविषयी मला हवे ते पुढे मिळालेच. पण त्याआधी जे वाचायला मिळाले त्याने मी अधिक गोंधळात पडले.

अर्देशीरांचा जन्म मुंबईत २६ मार्च १८६८ रोजी एका पारशी कुटुंबात झाला. वडील बरजोरजी, आई दोसीबाई. सहा भावंडांत हे थोरले. घराण्याचे मूळ आडनाव गुथराजी होते. अर्देशीर लहान असतानाच, १८७१ साली, वडिलांनी ते बदलून गोदरेज केले. घरची स्थिती चांगली होती, जमीनजुमल्याचे व्यवहार होते. मुलाने वकील व्हावे हे त्या काळच्या सुखवस्तू पारशी घराला शोभेसेच होते, आणि अर्देशीर त्या वाटेने गेलेही.

१८९० मध्ये त्यांचे लग्न झाले. पत्नीचे नाव बाचूबाई. पुढच्याच वर्षी, २५ एप्रिल १८९१ रोजी, बाचूबाई आणि अर्देशीरांच्या नात्यातली एक मुलगी अशा दोघी राजाबाई टॉवर पाहायला गेल्या आणि त्या मनोऱ्यावरून खाली पडून दोघीही मरण पावल्या. त्यांच्यावर वर कोणी हल्ला केला होता, असा संशय होता. सगळी मुंबई त्या बातमीने हादरली, खटला उभा राहिला, पण त्या मृत्यूंबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही. अर्देशीर तेव्हा तेवीस वर्षांचे होते. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही. चरित्रकार हा प्रसंग चार ओळींत उरकतात, आणि मीही त्यावर काही बांधू इच्छित नाही. एवढेच मनात येते, की न्यायालयात सत्य कसे निसटून जाते हे ज्याने स्वतःच्या घरच्या दुःखात पाहिले, तोच माणूस तीन वर्षांनी वकिलीचा कोट चढवून परदेशी उभा राहिला.

ते परदेश म्हणजे झांजीबार. १८९४ साली मुंबईतल्या सॉलिसिटरांच्या एका कंपनीने एका अशिलाची बाजू मांडण्यासाठी या नव्या वकिलाला पूर्व आफ्रिकेत पाठवले. काम चालू असताना अर्देशीरांच्या लक्षात आले, की आपल्या अशिलासाठी जे बोलावे लागणार ते सगळे खरे नाही. वकिलाने अशिलाच्या सोयीचे तेवढे बोलावे, हा व्यवहार त्यांना मान्य होईना. समजुती घालूनही ते ऐकेनात. शेवटी ते मुंबईला परतले आणि वकिली कायमची सोडली.

हा प्रसंग वाचून माझे मत प्रथम काही फार अनुकूल झाले नाही. खिशात घरचे पैसे असले म्हणजे तत्त्व परवडते, असे मनात आले. आमच्या घरी कोणी अशी लागलेली नोकरी सोडून आला असता, तर त्याची आरती कोणी ओवाळली नसती. पण पुढे जे झाले त्यावरून दिसते, की हे एकदाचे झटक्यातले वागणे नव्हते.

वकिली सोडल्यावर अर्देशीर एका औषधाच्या दुकानात केमिस्टचे मदतनीस म्हणून लागले. तेथे शस्त्रक्रियेची हत्यारे त्यांच्या हाती आली : चिमटे, कात्र्या, चाकू. हे सगळे विलायतेहून येत असे. ते येथेच का करू नये, असे त्यांच्या मनाने घेतले. वडिलांचे स्नेही मेरवानजी कामा यांच्याकडून त्यांनी ३,००० रुपये कर्ज घेतले. वडिलांकडे मागितले नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. हत्यारे तयार झाली, आणि चांगली झाली. एका इंग्रज कंपनीच्या मालकाला ती दाखवली, तेव्हा त्याने मालात खोड काढली नाही. माल घ्यायलाही तो तयार होता. अडले ते एकाच गोष्टीवर. हत्यारांवर भारतात बनवलेले अशी अक्षरे असू नयेत, असे त्याचे म्हणणे होते. ती अक्षरे पाहिली तर कोणी डॉक्टर ती विकत घेणार नाही. अर्देशीर म्हणाले, अक्षरे राहतील. सौदा मोडला, धंदा बसला आणि कर्ज डोक्यावर राहिले.

येथे मी पुस्तक मिटले. एका बाजूला हा माणूस. जी अक्षरे खरी होती ती पुसायला तयार नाही म्हणून बुडालेला. दुसऱ्या बाजूला मी. जी अक्षरे खरी नाहीत ती सुवाच्य काढून द्यायला बसलेली.

कुलपांची कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती थोडक्यात सांगते. मुंबईत घरफोड्या वाढल्या असून नागरिकांनी आपल्या घरादाराची अधिक काळजी घ्यावी, अशा आशयाची बातमी अर्देशीरांनी वर्तमानपत्रात वाचली. पहिले कर्ज फिटलेले नसताना ते पुन्हा मेरवानजींकडे गेले आणि, नवल म्हणजे, त्यांनी पुन्हा पैसे दिले. १८९७ च्या मे महिन्यात लालबागला गॅस कंपनीच्या शेजारी, २१५ चौरस फुटांच्या शेडमध्ये, डझनभर कारागिरांसह कुलपांचे काम सुरू झाले. आमच्या मुलुंडच्या घराचा दिवाणखानाही त्याहून फारसा लहान नसेल! एका कुलपाची किल्ली दुसऱ्या कुलपाला लागणार नाही अशी हमी ते देत. मेरवानजींचा पुतण्या बॉयस काही काळ भागीदार होता. तो लवकरच बाहेर पडला, पण कंपनीच्या नावात मात्र राहून गेला. पुढे तिजोऱ्या आल्या. तिजोरी आगीत ठेवून, मग लोकांसमोर उघडून आतले कागद शाबूत दाखवायचे, ही त्यांची जाहिरातीची पद्धत होती. १९०६ मध्ये चौदा वर्षांनी धाकटे असलेले पिरोजशा धंद्यात आले आणि व्यवहाराची बाजू हळूहळू त्यांनी उचलली. अर्देशीरांचे मन मात्र कारखान्यापेक्षा प्रयोगात अधिक रमे.

आता साबण.

१८८८ साली कलकत्त्याच्या बंदरात सनलाइट साबणाची खोकी उतरली. त्या वड्यांवर त्या इंग्लंडात लीव्हर बंधूंनी बनवल्याचे ठसठशीत उमटवलेले होते. म्हणजे अर्देशीरांच्या हत्यारांवरची जी अक्षरे त्या इंग्रज मालकाला नकोशी झाली होती, तशाच अक्षरांचा विलायती साबण आपल्याकडे मोठ्या दिमाखात विकला जात होता. अक्षरे तीच, फक्त देश वेगळा. १९०५ नंतर स्वदेशीची लाट आली आणि देशी साबणांना मागणी निर्माण झाली. पण साबण स्वदेशी असला तरी तो कशाचा, हा प्रश्न उरतोच. साबण हा मुळात तेल किंवा चरबी आणि क्षार यांच्या संयोगातून होतो, आणि बाजारातल्या पुष्कळशा साबणांत जनावरांची चरबी असे. हिंदूला गाईची नको, मुसलमानाला डुकराची नको, जैनाला कसलीच नको. आणि वडीकडे पाहून आत काय आहे हे कोणालाच कळत नाही. काडतुसांवरून १८५७ साली काय झाले, ते आपण इतिहासात शिकलो आहोत. साबण तर रोज अंगाला लावायची वस्तू.

१९१८ साली अर्देशीरांनी केवळ वनस्पती तेलांपासून बनवलेला धुण्याचा साबण बाजारात आणला. नाव ठेवले चावी. कुलूपवाल्याच्या साबणाला दुसरे कोणते नाव शोभणार! या साबणाला जगातला पहिला वनस्पतिजन्य साबण म्हणण्याची प्रथा आहे. मला ते अतिशयोक्त वाटते. स्पेनच्या कास्टील प्रांतात आणि फ्रान्समध्ये मार्सेय येथे ऑलिव्ह तेलाचे साबण शतकानुशतके होत होते. अर्देशीरांचे काम त्याने लहान होत नाही. त्यांनी चरबी नसलेला साबण इथल्या सर्वसामान्य माणसाच्या बाजारात आणला, आणि त्यात चरबी नाही ही गोष्ट वेष्टनावर व जाहिरातीत सांगण्याजोगी केली. आज साबणाच्या अनेक वेष्टनांवर हिरवा ठिपका दिसतो. तो पाहिला की मला चावी आठवते.

त्यानंतर अंगाचे साबण आले. प्रथम निघाला तो नंबर दोन. नंबर एक आला १९२२ साली. आधी दोन आणि मग एक असे का, याची एक गोष्ट सांगतात. लोकांना दोन नंबरचाच इतका आवडला, तर एक नंबरचा किती चांगला असेल असे त्यांना वाटेल, असा अर्देशीरांचा हिशेब होता म्हणे. ही गोष्ट वाचून मी जरा चपापले. झांजीबारला एक शब्द वाकवायला तयार नसलेला हा गृहस्थ येथे चक्क गिऱ्हाइकाच्या मनाशी खेळतो आहे! पण विचार केल्यावर वाटले, की त्यात खोटे काही नाही. दोन या आकड्याने साबणात काय आहे याबद्दल काहीच सांगितलेले नाही. गिऱ्हाइकाने आपल्या मनाने काय धरायचे ते धरावे. ही युक्ती आहे, लबाडी नव्हे. तरीही माझ्या मॅडमना हे पटले नाही, हे प्रामाणिकपणे नमूद करते. या साबणाच्या जाहिरातीसाठी रवींद्रनाथ ठाकुरांनी आपला अभिप्राय दिला होता, हे कळल्यावर मात्र मॅडम थोड्या नरमल्या.

अर्देशीरांची प्रतिज्ञा चरबीविषयी होती, वासाविषयी नव्हे. आणि आमच्या गटाचे घोडे अडले होते ते वासावर. म्हणून चरित्र बाजूला ठेवून मला सुगंधाकडे जावे लागले.

योगायोग असा, की ज्या १८६८ साली अर्देशीर जन्मले त्याच साली विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत कूमारिन तयार केले. दक्षिण अमेरिकेतल्या तोंका नावाच्या बीचा तो वास. नुकत्याच कापलेल्या गवतासारखा. पुढे १८७४ मध्ये जर्मनीत व्हॅनिलीन बनले आणि १८९३ मध्ये आयोनोन. ही तिसरी गोष्ट आपल्याला जवळची आहे. व्हायोलेट नावाच्या विलायती फुलाचा वास या आयोनोनला येतो, आणि ते बनवायला लागते सिट्राल. सिट्राल येते गवती चहाच्या जातीच्या गवताच्या तेलातून. हे गवती तेल मलबारातून कोचीन बंदरामार्गे युरोपला जाई आणि तिकडे त्याचे व्हायोलेट होई. आता हा वास नैसर्गिक म्हणावा की कृत्रिम? गवत तर मातीतच उगवलेले होते.

आणि याच सुमारास नैसर्गिकाचा खराखुरा प्रयोगही आपल्या शेजारी चालू होता. म्हैसूर संस्थानातले चंदन तेल काढण्यासाठी युरोपला जात असे. पहिल्या महायुद्धाने तो मार्ग बंद पडला आणि लाकूड पडून राहिले. तेव्हा संस्थानाने १९१६ साली बंगलोरला स्वतःच चंदनाचे तेल गाळायला सुरुवात केली, आणि १९१८ साली, म्हणजे चावी निघाली त्याच वर्षी, त्या तेलाचा म्हैसूर सॅण्डल साबण निघाला. एकाने चरबी काढली, दुसऱ्याने खरे चंदन घातले. दोघांनीही जे केले तेच वेष्टनावर लिहिले. लाकूड संस्थानाचे, तेल संस्थानाचे, साबणही संस्थानाचा. म्हणून तो वास त्यांना परवडला. मुलुंडच्या बचत गटाला तो कसा परवडावा?

शिवाय नैसर्गिक म्हणजे त्वचेला निर्धोक, ही समजूतही खरी नाही. हे मला पुस्तकातून नव्हे, मावशीच्या गळ्यावरून कळले. तिने एका प्रदर्शनातून शंभर टक्के नैसर्गिक म्हणून लिंबाच्या सालीचे तेल आणले होते. चेहऱ्याला आणि गळ्याला चांगले, असे विकणाऱ्याने सांगितले. गणपती विसर्जनाच्या दिवशी ते लावून ती दुपारभर उन्हात मिरवणुकीत चालली. दोन दिवसांनी तेल लागले होते तेथे लाल चट्टे उठले, आणि नंतर त्यांचे काळे डाग पडले ते महिनोन् महिने गेले नाहीत. त्वचेच्या डॉक्टरांनी सांगितले, की लिंबू, बर्गमॉट अशा फळांच्या साली दाबून काढलेल्या तेलांत ऊन लागताच कातडी भाजणारी द्रव्ये असतात. विकणाऱ्याने खोटे सांगितले नव्हते. तेल खरोखरच शंभर टक्के नैसर्गिक होते.

युरोपात २००३ साली ज्या २६ सुगंधी द्रव्यांची नावे, ठराविक प्रमाणापलीकडे असल्यास, सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टनावर छापणे बंधनकारक झाले, त्यांतली बरीचशी फुलापानांतच सापडतात. लॅव्हेंडरमधले लिनालूल, संत्र्याच्या सालीतले लिमोनीन, लवंगेतले युजेनॉल, गुलाबातले जिरॅनिऑल. यांतली काही द्रव्ये ताजी असताना फारशी त्रास देत नाहीत. बाटली उघडी राहून हवा लागली, की बदलतात आणि मग संवेदनशील त्वचेला खाज सुटते. कृत्रिमांच्या बाजूलाही सोवळे नाही. लायरल नावाचे कृत्रिम द्रव्य फुलासारख्या गोड वासासाठी वर्षानुवर्षे वापरात होते. त्याने ॲलर्जी होणाऱ्यांची संख्या वाढली, म्हणून युरोपात २०२१ साली त्यावर बंदी आली. त्वचेला द्रव्य कळते, त्याचे कूळ कळत नाही.

याचे ज्ञान मिळवायला युरोपात जायची गरज नाही, हेही मला याच शोधात समजले. एस. एच. केळकर आणि कंपनी ही १९२२ साली, म्हणजे नंबर एक साबण निघाला त्याच साली स्थापन झालेली मराठी माणसांची सुगंधद्रव्यांची कंपनी. तिचा कारखाना आमच्या मुलुंडला लालबहादूर शास्त्री मार्गावर आहे. केळकर ट्रस्टच्याच वझे महाविद्यालयात सुगंध आणि प्रसाधने या विषयाचा पदविका अभ्यासक्रमही चालतो. ज्या रस्त्याने मी लहानपणापासून जाते-येते, त्या रस्त्यावर हा विषय बसलेला होता आणि मी चंदन म्हणजे चंदन एवढेच समजत होते!

पुन्हा अर्देशीरांकडे येते, कारण त्यांचे एक मत मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. ते स्वदेशीचे कट्टर पुरस्कर्ते होते. १९२१ साली टिळक स्वराज्य फंडाला त्यांनी ३ लाख रुपये दिले आणि ते अस्पृश्यतेने गांजलेल्या लोकांच्या उन्नतीसाठी खर्च व्हावेत अशी इच्छा ठेवली. त्या काळचे तीन लाख म्हणजे किती, याची कल्पनाच केलेली बरी. असे असूनही स्वदेशीच्या नावाखाली हलका माल चढ्या भावाने लोकांच्या गळ्यात मारणे त्यांना मान्य नव्हते. देशाच्या नावाने विकला जाणारा माल परदेशी मालाच्या तोडीचाच असला पाहिजे, नाहीतर ते नाव वापरू नये, असे त्यांचे म्हणणे असे. चळवळीतल्या थोरामोठ्यांशीही त्यांचे या मुद्द्यावर जुळले नाही. ज्या शब्दाला लोक भुलतात तोच शब्द जपून वापरावा, हे सांगायला त्या वातावरणात धैर्य लागत असणार. आजच्या बाजारात स्वदेशीच्या जागी नैसर्गिक हा शब्द बसला आहे, एवढाच मला फरक दिसतो.

१९२८ साली अर्देशीरांनी धंदा पिरोजशांच्या हाती सोपवला आणि ते नाशिककडे शेती करायला गेले. वयाची साठी आलेली, मूलबाळ नाही. ज्याने कुलपे, तिजोऱ्या आणि साबण उभे केले त्याने सगळे सोडून मातीत हात घालावा, याचे त्यांच्या परिचितांना आश्चर्य वाटले असेल. मला तितकेसे वाटत नाही. हा माणूस एक गोष्ट साधली की दुसरीकडे वळणाराच होता. आठ वर्षांनी ते गेले. धंदा पिरोजशांनी वाढवला, विक्रोळी वसवली, आणि आपण सारे त्या नावाला विक्रोळीचे समजू लागलो.

मुदतीचे दोन दिवस संपून आठवडा झाला होता. मी आईला हत्यारांची गोष्ट सांगितली. आई म्हणाली, त्याचा धंदा बुडाला ना? मी म्हटले, बुडाला. मग तिने काही वेळ पोळ्या लाटल्या, आणि विचारले की खोटे न लिहिता काय लिहिता येईल. शेवटी वेष्टनावर मजकूर गेला तो असा : वनस्पती तेलांचा साबण, चरबी नाही, वास चंदनासारखा, सुगंध कृत्रिम. खाली बारीक अक्षरांत, त्वचा नाजूक असल्यास आधी मनगटावर लावून पाहावे. गटाच्या खजिनदार काकू हे वाचून संतापल्या. कृत्रिम हा शब्द वाचून कोण शहाणी बाई साबण उचलेल, असा त्यांचा सवाल होता, आणि तो काही चुकीचा नव्हता.

मुलुंडच्या प्रदर्शनात आम्ही साठ साबण नेले. सदतीस गेले. शेजारच्या टेबलावर नैसर्गिक चंदन लिहिलेले सगळे संपले. त्यांचा वास आमच्या साबणासारखाच येत होता. एका वयस्कर बाईंनी आमचे वेष्टन दोनदा वाचले, हसल्या आणि चार साबण घेतले. उरलेले तेवीस आम्ही घरी वापरतो आहोत. पुढच्या खेपेला कृत्रिम हा शब्द वर घ्यायचा की खालच्या बारीक ओळीत ढकलायचा, यावर गटाच्या दोन बैठका झाल्या आहेत. काकू अजून ऐकत नाहीत, आणि मतदान येत्या रविवारी आहे.